निवृत्तीनंतर राहायचे कोठे?

नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षे उरली की घरोघरी एक प्रश्न चर्चेला येतो : आता पुढचे आयुष्य कोठे काढायचे? पवईसारख्या उपनगरात हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. १८९१ साली पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या तलावाच्या परिसरात पुढे कारखाने आले, १९५८ साली आय.आय.टी. आली, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून उंच इमारती उभ्या राहू लागल्या. खेड, महाड, म्हसळा, राजापूर येथून चाकरीसाठी आलेल्या माणसाने पवई-चांदिवलीच्या पट्ट्यात पोटाला चिमटा घेऊन जे घर घेतले, त्याचे मोल आज एवढे वाढले आहे की ते विकले तर गावी बंगला बांधून हाती बरीच रक्कम उरते. म्हणून मग पर्याय मोजले जातात. गावी जावे, मुंब्रा किंवा मीरा रोडला मोठी जागा घ्यावी, पनवेलकडे सरकावे, आखातात असलेल्या मुलाकडे जावे, की आहे तेथेच राहावे?

या चर्चेत जागेचा भाव, पाणी, रेल्वे स्थानक, हवा हे सारे येते, आणि यायलाही हवे. परंतु आपण मुस्लिम आहोत, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारणे आपल्याला भाग आहे. मी येथून उठून तेथे गेलो, तर कोणाचा हक्क मोडेल आणि कोणाचा हक्क अदा होईल?

‘माती बोलावते’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. जन्मभूमीची ओढ हा काही दोष नव्हे. मक्का सोडताना प्रेषित मुहम्मद (स.) यांना किती दुःख झाले आणि मदीना आम्हाला मक्केसारखेच प्रिय कर अशी दुआ त्यांनी कशी केली, हे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. मात्र पुढे काय झाले ते पाहा. हिजरी ८ मध्ये मक्का जिंकली गेली. ज्या गल्ल्यांत बालपण गेले तेथे परतण्यास आता कोणताही अडथळा उरला नव्हता. मदीनेच्या अन्सारांच्या मनात धाकधूक सुरू झाली की प्रेषित (स.) आता आपल्या गावात आणि आपल्या नातलगांतच राहतील. प्रेषितांनी (स.) त्यांना बोलावून घेतले आणि माझे जगणे-मरणे तुमच्याबरोबरच आहे अशा अर्थाचे आश्वासन दिले. ते मदीनेला परतले आणि त्यांची कबरही तेथेच आहे. अन्य मुहाजिरांनाही हजचे विधी आटोपल्यावर मक्केत केवळ तीन दिवस थांबण्याची मुभा होती. अडचणीच्या काळात ज्यांनी आसरा दिला, त्यांचा हक्क जन्मभूमीच्या ओढीपेक्षा मोठा ठरला.

हिजरतीचे ते आदेश जसेच्या तसे आपल्यावर लागू होत नाहीत हे उघड आहे. पोटासाठी मुंबई गाठणे आणि दीनसाठी घरदार सोडणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरीही त्यातून एक गोष्ट शिकता येते. ज्या वस्तीत आपण तीस वर्षे काढली, तिचेही आपल्यावर देणे असते. मुलाला ताप आला तेव्हा रात्री गाडी काढणारा शेजारी गावचा नव्हता, इमारतीतलाच होता. सूरह निसाच्या ३६ व्या आयतीत नात्याचा शेजारी आणि परका शेजारी असे दोघांचेही हक्क सांगितले आहेत. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांच्या घरी बकरी कापली गेली तेव्हा यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठविला का, ही विचारणा त्यांनी केली होती. निवृत्तीनंतर हाती वेळ असतो. आजवर नोकरीच्या धावपळीत जे शेजारधर्माचे देणे राहून गेले, ते फेडण्याची संधी खरे तर आता मिळते. आणि नेमके तेव्हाच आपण सामान बांधू लागतो.

‘मुस्लिम वस्तीत गेलो तर दीन पाळणे सोपे जाईल’ हा युक्तिवाद वजनदार आहे. अजान कानी पडावी, पायी मशिदीत जाता यावे, जनाज्याला खांदा देणारी माणसे जवळ असावीत, असे कोणत्या वृद्धाला वाटणार नाही? १९९२-९३ च्या दंगलींनंतर कित्येक कुटुंबे मुंब्र्याला गेली ती मशिदीच्या ओढीपेक्षा जिवाच्या भीतीने. त्या भीतीची टिंगल कोणी करू नये. जुलमाखाली दबून राहणाऱ्यांना कुरआननेच अल्लाहच्या विशाल भूमीची आठवण करून दिली आहे. परंतु जेथे भय नाही, केवळ सोय हवी आहे, तेथे बनू सलिमा या कबिल्याची घटना आठवावी. त्यांची घरे मस्जिदे नबवीपासून दूर होती. मशिदीजवळ राहायला यावे असे त्यांच्या मनात आले. प्रेषितांनी (स.) त्यांना आहात तेथेच राहा असे सांगितले, मशिदीकडे येताना पडणारे तुमचे प्रत्येक पाऊल लिहिले जाते, अशी शुभवार्ता दिली. दुसऱ्या एका कथनानुसार मदीनेच्या कडेचा भाग ओस पडावा हे त्यांना पसंत नव्हते. म्हणजे आपण एखादी जागा सोडतो तेव्हा मागे काय ओस पडते, हाही विचार करायचा असतो.

इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त आणखी एक प्रसंग आहे. हजरत अबू दर्दा (र.) यांनी शामहून हजरत सलमान फारसी (र.) यांना पवित्र भूमीत येण्याचे निमंत्रण धाडले. सलमान (र.) यांनी कळविले की भूमी कोणाला पवित्र करीत नाही, माणसाला त्याचे कर्मच पवित्र करते. पत्ता बदलल्याने फज्रची नमाज आपोआप वेळेवर होऊ लागेल असे समजणाऱ्यांनी हे उत्तर मनात ठेवावे.

आता कोकणच्या गावाविषयी. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि गाव जवळ आले, हे खरे. पण अनेक मोहल्ल्यांत आखाती पैशांतून बांधलेली दुमजली घरे वर्षातील अकरा महिने कुलूपबंद असतात. त्या घरांच्या रांगेत आणखी एका घराची भर घालायची असेल, तर तो इस्राफ ठरतो का, हे आलिमांना अवश्य विचारावे. खरोखर राहायचे असेल तर रस्ते आणि पावसाळाही पाहावा. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाची रडकथा सर्वांना ठाऊक आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनच्या बागा आडव्या केल्या. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीने महाड आणि वाशिष्ठीने चिपळूण बुडविले. मशिदीपर्यंतची पावले मोजणाऱ्याने हृदयरोगतज्ज्ञापर्यंतचे तासही मोजावेत. जीव ही अल्लाहची अमानत आहे.

असे असूनही एका परिस्थितीत गावी जाण्याविषयी दुसरा विचार करण्यास वावच उरत नाही. गावी वृद्ध आई किंवा वडील हयात असतील आणि त्यांना पाहणारे कोणी नसेल, तर भाव, हवा, रुग्णालय ही सारी गणिते बाजूला ठेवावीत. सूरह बनी इस्राईलच्या २३ व्या आयतीत आई-वडील म्हातारपणाला पोहोचल्याचा उल्लेख ‘तुझ्यापाशी’ या शब्दासह आला आहे. दरमहा पैसे पाठविल्याने ‘तुझ्यापाशी’चा हक्क अदा होत नाही. साठीच्या मुलाने पंच्याऐंशीच्या आईची सेवा करावी. गावी जाता येत नसेल तर तिला पवईच्या त्याच दोन खोल्यांत मानाने आणावे. तिला विचारून आणावे, एवढेच. तीही कोणत्या तरी मातीला धरून बसलेली असते.

घर विकल्यावर येणाऱ्या रकमेविषयी थोडक्यात. हज फर्ज झाला असून राहिला असेल तर बंगल्याआधी तो आहे. मुलाला आताच सारे देऊन मुलीला ‘नंतर पाहू’ म्हणणे हा उघड अन्याय आहे, मुलांना देताना समानता राखा, अशी प्रेषितांची (स.) ताकीद आहे. आणि सारे काही वाटून हात रिकामे करू नयेत. हजरत सअद बिन अबी वक्कास (र.) मक्केत आजारी पडले तेव्हा त्यांना आपली बहुतेक संपत्ती दान करायची होती. प्रेषितांनी (स.) एक तृतीयांशावर मर्यादा घातली, वारसांवर लोकांपुढे हात पसरण्याची वेळ येऊ नये म्हणून. ज्या मक्केतून हिजरत केली तेथेच मरण येते की काय, ही चिंताही सअद (र.) यांना त्या आजारात होती. पण ते बरे झाले आणि त्यानंतर अनेक वर्षे जगले. कोणता जीव कोणत्या भूमीत मरेल हे कोणालाच ठाऊक नाही, असे सूरह लुकमानच्या अखेरच्या आयतीत सांगितले आहेच. तेव्हा ‘मरणासाठी गावी जातो’ असे म्हणून केलेली योजना फारशी भरवशाची नसते.

शेवटी एक गोष्ट, जी या चर्चेत बहुधा अखेरपर्यंत निघतच नाही. ‘गाव’ म्हणजे जवळजवळ नेहमी पतीचे गाव असते. पत्नीची बहीण कुर्ल्यात, मुलगी चांदिवलीत, ओळखीच्या बायका याच इमारतीत. तान्ह्या बाळाचे दूध सोडविण्याच्या बाबतीतही पती-पत्नीने परस्पर संमतीने आणि सल्लामसलतीने निर्णय घ्यावा असे सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत आले आहे. मग आयुष्यभराचे घर विकताना केवळ ‘मी ठरवले आहे’ असे कसे चालेल? आणि लगेच पुढच्या आयतीत विधवेच्या चार महिने दहा दिवसांच्या इद्दतीचा उल्लेख आहे. पती आधी गेला तर ही मुदत ती सामान्यतः पतीबरोबर राहत होती त्याच घरात काढते. ते घर कोठे असेल, भर पावसात अंगणापुढचा रस्ता बंद झाला तर औषध आणून देणारे तेथे कोण असेल, हे बयाण्याची रक्कम देण्याआधी तिला विचारा, आणि ती काय म्हणते ते पूर्ण ऐकून घ्या.