काटा भरला

अरुणावती नदीच्या काठी, बाबा कंबलपोशांच्या आर्णीत, एक म्हातारा लोहार राहत होता. मे महिना होता. पेरणी तोंडावर आली म्हणून शेतकरी वखराच्या पासा पाजवायला त्याच्या भट्टीवर रांग लावून बसत. शाळेला सुट्टी असल्याने नातू भाता ओढायला असे.

एका दुपारी नातवाने घरातली ताप मोजायची काचेची नळी अंगणात उन्हात ठेवली. पारा सरसर चढला आणि ४२च्या रेघेपाशी थांबला. नळीत पुढे जागाच नव्हती. पोरगा आनंदाने धावत आला.

"आबा, उन्हाचा शेवट सापडला! ४२च्या वर गरमी जातच नाही."

आबांनी सांडशीने भट्टीतली लालबुंद पास उचलली. "मंग हे किती? आमच्यापाशी नळी नाही पोरा, आम्ही रंग पाहतो. आधी लाल, मंग केशरी, मंग पिवळं. पांढरं झालं का ठिणग्या उडते अन् लोखंडच जळून जाते. पांढऱ्याच्या पुढं गरमी नाही, हे मी पन्नास वर्षांपासून सांगतो."

विळीचं पातं पाजवून घ्यायला आलेल्या विज्ञानाच्या मॅडम हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आबा, पांढऱ्याच्याही पुढे पुष्कळ आहे. लोखंड १,५३८ अंशांना वितळतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आहे आणि गाभा दीड कोटी अंशांचा. जिनिव्हाजवळ जमिनीखाली एक मोठं यंत्र आहे. त्यात शिशाची अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळली, तेव्हा निमिषमात्र तापमान पाच लाख कोटी अंशांच्या वर गेलं."

"मग शेवट कुठे आहे?" पोराने विचारलं.

"थंडीचा शेवट ठाऊक आहे. उष्णता म्हणजे कणांची धडपड. ती कमी कमी करत नेली, तर उणे २७३.१५ अंशांच्या खाली जाता येत नाही, कारण काढून घ्यायला काही उरतच नाही. वरच्या बाजूला तसं नाही. कुठलाही कण प्रकाशापेक्षा वेगाने पळू शकत नाही हे खरं, पण त्या वेगाच्या जवळ पोचल्यावरही त्याची ऊर्जा वाढतच राहते. म्हणून वेगाला कुंपण असलं, तरी तेवढ्याने तापमानाला कुंपण पडत नाही."

मग त्यांनी भट्टीकडे बोट दाखवलं. "तापलेल्या वस्तूचा रंग असा का बदलतो, याचं गणित मॅक्स प्लांक यांनी १९०० साली बसवलं. त्यांच्याच नावाचं एक तापमान आहे. १४ लिहून पुढे ३१ शून्यं द्यायची, एवढे अंश! तिथे सूक्ष्म कणांचे नियम आणि गुरुत्वाकर्षणाचे नियम एकाच वेळी लावावे लागतात, आणि दोन्ही एकत्र बसवणारं पक्कं गणित अजून कुणापाशी नाही."

"म्हणजे तिथे गरमी संपते?"

मॅडम क्षणभर थांबल्या. "तिथे आपलं गणित संपतं, बाळा. गरमी संपते की नाही, हे मला माहीत नाही. अजून कुणालाच माहीत नाही."

पोराचा चेहरा उतरला. एवढ्या शिकलेल्या मॅडम, आणि त्यांनाही ठाऊक नाही!

आबांनी घण खाली ठेवला आणि त्याला जवळ घेतलं. "बाजारात कापूस मोजणारा मापारी पाहिला ना तू? काटा भरला का तो काय म्हणते? 'काटा भरला' म्हणते. 'कापूस संपला' नाही म्हणत. गाडीत अजून कापूस हाये, हे त्याले ठाऊक असते. तुही नळी ४२ले भरली, अन् तू म्हणालास का ऊन संपलं. माहे रंग पांढऱ्यावर भरले, अन् मी म्हणालो का गरमी संपली. मॅडमचा काटा आपल्या दोघाइच्या काट्याहून किती मोठा! पण तो भरला तवा त्याइनं 'काटा भरला' एवढंच सांगितलं. खरा मापारी तोच."

मग ते मॅडमकडे वळून म्हणाले, "पन्नास वर्षं मी ज्याले गरमीचा शेवट म्हणलं, तो माह्या डोयाचा शेवट होता. आज समजलं."

संध्याकाळी पोराने नळी पुसून डब्यात ठेवली आणि वहीत लिहिलं : '४२. नळी भरली. ऊन बाकी आहे.'

तात्पर्य : आपलं माप संपलं म्हणजे वस्तू संपली असं समजू नये. माप कुठे संपतं हे प्रामाणिकपणे सांगणं, हेसुद्धा ज्ञानच आहे.