खोकल्याचे औषध आणि जठरातला जंतू

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जठराच्या अस्तरावरील चिकट थरात राहतो. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो प्रयोगशाळेत वाढवला; जठरव्रणाशी त्याचे नाते दाखवल्याबद्दल दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची लागण मात्र बहुधा बालपणीच होते, घरातल्या माणसांकडून, अनेकदा आईकडून. दाटीची वस्ती आणि अस्वच्छ पाणी तिला हातभार लावतात. उपचार झाले नाहीत तर हा जंतू सहसा जन्मभर ठाण मांडून बसतो. बहुतेक मुलांना त्याचा काहीच त्रास होत नाही. थोड्यांना व्रण होतो आणि त्यांच्यासाठी उपचार अटळ ठरतात.

हे उपचार साधारण १४ दिवसांचे असतात: आम्ल कमी करणारे औषध, अमॉक्सिसिलिन आणि जोडीला क्लॅरिथ्रोमायसिन किंवा मेट्रोनिडॅझोल. अमॉक्सिसिलिनला दाद न देणारे पायलोरी अजून विरळा आहेत. अडचण उरलेल्या दोन औषधांची आहे.

क्लॅरिथ्रोमायसिन जंतूच्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेला चिकटून तिचे काम बंद पाडते. त्या यंत्रणेच्या जनुकात एका जागी एकच अक्षर बदलले, तरी औषधाला तिथे पकड मिळत नाही. असे बदल आपोआप होत असतात, पण औषध नसताना त्यांचा जंतूला काही फायदा नसतो. तो फायदा माणूस करून देतो, आणि तोही पोटाचा विचार मनात नसताना. मुलाला खोकला होतो, घसा दुखतो, कान ठणकतो. आजार बहुतांशी विषाणूंचा असतो, तरीही अझिथ्रोमायसिनचे पातळ औषध सुरू होते. ते रक्तावाटे जठरापर्यंतही पोहोचते. एकट्याने पायलोरीचा नायनाट करण्याची ताकद त्यात नाही. कमकुवत जंतू मरतात आणि बदललेले मोकळ्या जागेत वाढतात. अझिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन एकाच कुळातली असल्याने एकाला सरावलेला जंतू दुसऱ्यालाही जुमानत नाही. मग काही वर्षांनी त्याच मुलाला व्रण झाला की लागू पडायला हवे ते औषध फुकट जाते. जपानमधील मुलांत क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या पायलोरीचे प्रमाण मोठे आहे आणि तिथे श्वसनाच्या आजारांत या कुळातल्या औषधांचा सढळ वापर होत आला आहे. भारतात २०१९ मध्ये खासगी क्षेत्रात सर्वाधिक खपलेले प्रतिजैविक अझिथ्रोमायसिनच होते. जुलाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोलची गतही वेगळी नाही. म्हणून या प्रतिकाराचा दोष पोटाच्या डॉक्टरांवर ढकलणे अन्यायाचे आहे. तो घशाच्या आणि जुलाबाच्या चिठ्ठ्यांवर तयार होतो, आणि चिठ्ठी न मागता औषध देणाऱ्या दुकानांतही.

मुलांच्या बाबतीत ही हानी अधिक गंभीर आहे, कारण त्यांच्यासाठी पर्याय थोडे आहेत. टेट्रासायक्लिनने दातांवर कायमचे डाग पडतात, म्हणून ते आठ वर्षांखालील मुलांना टाळतात. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधेही मुलांना सहसा देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नव्या औषधांची तातडीने गरज असलेल्या जंतूंची यादी केली, तेव्हा क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा पायलोरी तिच्यात होता.

युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बालपचनरोगतज्ज्ञांच्या संस्थांचा सल्ला स्पष्ट आहे: मुलाच्या साध्या पोटदुखीत हा जंतू शोधत बसू नये आणि रक्तातील प्रतिपिंडांच्या तपासणीवर विसंबून औषध देऊ नये. व्रणाची शंका असेल तर दुर्बिणीने जठर पाहावे, अस्तराचा तुकडा घ्यावा आणि जंतू कोणत्या औषधाला दबतो हे तपासून औषध ठरवावे. हा जंतू वाढवणे किचकट असते. त्याला कमी प्राणवायू लागतो आणि निकालाला अनेक दिवस जातात. लहान गावांतील रुग्णालयांत अशी सोय क्वचितच असते, त्यामुळे औषध अंदाजानेच निवडले जाते. अशा वेळी मुलाला पूर्वी कोणती प्रतिजैविके दिली होती, हे पालकांना विचारणे फार मोलाचे ठरते. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी शौचाची किंवा श्वासाची तपासणी करून जंतू गेला की नाही हे पाहावे लागते. तो उरला असेल तर क्लॅरिथ्रोमायसिन पुन्हा देत नाहीत.