ऑक्टोबरमधला हिशेब

12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. चार लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरात हे माणशी जेमतेम सव्वा लिटर झालं. पुढे वाघिणी वाढल्या, शहर तगलं. ज्यांनी हे काम केलं त्यांचं मोल मोठंच आहे. पण मराठवाड्यातली धरणं रिकामी आहेत, हे आदल्या पावसाळ्याच्या अखेरीसच सगळ्यांना ठाऊक होतं.

दुष्काळ मोजण्यात आपण मागे नाही. पैसेवारी तर जुनीच. पण ती पीक किती बुडालं ते सांगते, जूनपर्यंत पाणी किती पुरेल ते नाही. आता पावसातला खंड, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी पिकांची स्थिती हेही पाहतात. ऑक्टोबरमध्ये भूजल यंत्रणेचा माणूस निरीक्षण विहिरीवर येतो, टेप आत सोडतो, पाण्यापर्यंतच्या खोलीतून कठड्याची उंची वजा करून आकडा लिहून घेतो. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुरायला जागा कमी, त्यामुळे मागच्या सालाची शिल्लक फारशी नसते. म्हणजे तो आकडा हीच वर्षाची जमापुंजी.

आणि नेमक्या त्याच दिवसांत शेजारच्या रानात पूर्वहंगामी उसाची लागण चालू असते. दोष शेतकऱ्याला देऊन चालणार नाही. उसाला दराची हमी आहे, ज्वारी-हरभऱ्याला बाजारात तसा भरवसा नाही. टंचाई आराखड्यात टँकर असतात, विहिरींचं अधिग्रहण असतं, विंधन विहिरी असतात. यंदा कोणतं पीक घ्यायचं नाही, हे मात्र त्यात नसतं. माझ्या मते खरं नियोजन तिथेच अडलं आहे.

हिवरे बाजार या गावानं ते नियोजन करून दाखवलं. पडलेला पाऊस मोजायचा, माणसं आणि जनावरं यांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरलेल्यावर ग्रामसभेत पिकं ठरवायची. ऊस नाही, शेतीसाठी बोअर नाही. हा निर्णय कुणाच्या तरी उत्पन्नाला कात्री लावतो, म्हणून तो सगळ्यांसमोर व्हावा लागतो.

तुमच्या गावच्या निरीक्षण विहिरीचा आकडा यंदा ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचायला लावा, आणि लागणीआधी त्यावर ठराव मागा.