एक्केचाळिसावी ओळ

एका तालुक्याच्या दूध संघाचं संगणकाचं काम एक छोटी कंपनी बघायची. दुधाचे दर सारखे बदलायचे. फॅटला एवढे, एसएनएफला तेवढे, अमुक आकड्याखाली कपात. दर वेळी सगळा प्रोग्राम उघडून बसायला नको म्हणून कंपनीतल्या मॅडमनी दराचे नियम लिहिण्यापुरती एक चिमुकली भाषाच तयार केली. फंक्शनांची नावं मराठीत, आणि ती चालवणारा इंटरप्रिटर सी भाषेत. हिशेबाला तो पक्का होता. काही बिनसलं तर मात्र जेमतेम बोलायचा: ओळीचा क्रमांक आणि एक वाक्य.

सरासरी फॅट काढायचं फंक्शन नव्याने लागलेल्या एका मुलाने लिहिलं होतं. दहा दिवसांच्या बिलाच्या रात्री काम मध्येच थांबलं आणि पडद्यावर आलं, "ओळ ४१: शून्याने भागता येत नाही." संघाच्या मॅनेजरांनी फोनवर एवढंच विचारलं, "एक्केचाळीस नंबरची ओळ कुणाची?"

ओळ त्या मुलाची होती. पोराचा चेहरा उतरला. त्याने तिथेच एक अट घातली: लिटर शून्य असतील तर उत्तरही शून्य. कुणाची गाय आटली असेल, दूध घातलंच नसेल, असं त्याने मनाशी ठरवलं. बिलं छापून झाली, सगळे घरी गेले.

तिसऱ्या दिवशी एक मावशी संघाच्या कचेरीत आल्या. मालक वारल्यावर खातं नुकतंच त्यांच्या नावावर झालं होतं. बिलावर रक्कम शून्य. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी पावत्या काढल्या आणि टेबलावर एकेक मांडल्या. "दोन्ही वेळचं दूध घातलंय साहेब. एक दिवस चुकवला नाही."

मॅनेजरांनी पुन्हा मुलाला फोन लावला. या वेळी मॅडमनी फोन घेतला. "साहेब, संध्याकाळपर्यंत सांगते," म्हणाल्या, आणि मुलाकडे वळल्या. "ती अट आधी काढ. चूक पुन्हा होऊ दे."

"पण मॅडम, काम परत तिथेच अडेल."

"अडू दे. तिथवर पोचलो कसे ते तरी कळेल."

मग त्यांनी इंटरप्रिटर उघडला. एका फंक्शनने दुसऱ्याला हाक मारली की तो एक फ्रेम टाकतो. कोणतं फंक्शन चालू आहे, त्यातल्या कितव्या सूचनेवर आहे, त्याची मूल्यं स्टॅकवर कुठून सुरू होतात, हे सगळं त्या फ्रेममध्ये असतं. फ्रेमवर फ्रेम चढत जाते. चूक घडते त्या क्षणी हा सगळा ढीग जागेवर असतो, वेगळं काही शोधावं लागत नाही. मॅडमच्या इंटरप्रिटरमध्ये मात्र दोन ओळींचा क्रम उलटा होता. आधी हा ढीग, म्हणजे स्टॅक, रिकामा व्हायचा, मग संदेश छापला जायचा. छापायच्या वेळी हातात उरायची ती शेवटची ओळ.

"सातबाऱ्यावर आज नाव कुणाचं ते दिसतं," मॅडम म्हणाल्या. "ते तिथे कसं आलं हे बघायला फेरफार काढावे लागतात. आपण फेरफारच पुसत होतो."

ही अडचण त्यांच्या एकट्याच्या भाषेची नव्हे. १९९३ साली रिओ दि जानेरोतल्या एका विद्यापीठात जन्मलेल्या लुआ भाषेत पीकॉल वापरून चूक झेलली, तर ती हातात येईपर्यंत स्टॅक उलगडून गेलेला असतो. म्हणून तिथे एक्सपीकॉल आहे. त्याला दिलेलं फंक्शन स्टॅक मोडण्याआधी चालतं आणि वाट टिपून घेतं. पायथनमध्ये चूक एकेका फ्रेममधून वर जाताना प्रत्येक फ्रेमची नोंद मागे ठेवत जाते. २०२२ च्या ३.११ आवृत्तीपासून तर ओळीतला नेमका कोणता तुकडा अडला तेही खाली खुणा करून दाखवतात. इतक्या लोकांनी इतकी मेहनत घेतली ती पुढे कुणीतरी रात्री त्या पडद्यासमोर बसणार आहे म्हणून, असं मला फार मनापासून वाटतं.

मॅडमनी क्रम सुलटा केला: आधी छापा, मग आवरा. फ्रेमांची यादी छापायचं काम मुलाला दिलं. त्याची पहिली यादी आली ती काही ठिकाणी एकेक ओळ पुढची दाखवणारी. मॅडमनी कोडवर बोट ठेवलं. इंटरप्रिटर सूचना उचलतो तेव्हाच त्याचा काटा पुढच्या सूचनेवर सरकतो, म्हणजे चूक कळेपर्यंत तो त्या जागेच्या पुढे गेलेला असतो. ओळीचा क्रमांक बघताना एक पाऊल मागे यायचं. मुलाने एक वजा केला. मग मॅडमच्या सांगण्यावरून प्रत्येक फंक्शनला आलेली मूल्यंही छापायला घेतली. पायथन एरवी ती दाखवत नाही, पण संघाच्या माणसाला नुसत्या ओळींचा काय उपयोग!

क्रम पायथनसारखा ठेवला, सुरुवात वर आणि चूक तळाशी. जावात उलट असतं, पण संघातला कारकून वरून खाली वाचणार होता. अट काढलेलं बिल पुन्हा चालवलं.

ओळ १५०, मुख्य
ओळ १२०, केंद्र_बिल, केंद्र ७
ओळ ९७, नावबदल_बिल, जुना ५८, नवा ३१२
ओळ ४१, सरासरी_फॅट, लिटर ०
शून्याने भागता येत नाही.

मुलगा तिसऱ्या ओळीवर थबकला. गाय आटलेल्या सभासदाची पावतीच नसते. त्याचं बिल केंद्र_बिलमध्येच वगळलं जातं, ते सरासरीपर्यंत येतच नाही. इथे आलं होतं ते नावबदलातून. पावत्या जुन्या ५८ क्रमांकावर होत्या, लिटरची बेरीज मात्र नव्या ३१२ वर शोधली जात होती. एक्केचाळिसाव्या ओळीने शून्याने भागायला नकार दिला, यात तिचं काहीच चुकलं नव्हतं.

"नावबदल मी लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "गेल्या महिन्यात, घाईत." त्यांनी तिथेच दुरुस्ती केली: बदलाच्या तारखेपर्यंत जुना क्रमांक, पुढे नवा, आणि दोन्ही मिळून पावत्या असूनही लिटर शून्य निघाले तर तिथेच थांबून दोन्ही क्रमांक सांगायचे. मुलाची अट परत घातली नाही.

मॅनेजरांना त्यांनी ती यादी जशीच्या तशी पाठवली, वरच्या ओळीपासून फोनवर समजावली आणि तिसरी ओळ कुणाची तेही सांगितलं. मॅनेजर जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पोराला फोन द्या," आणि त्याच्याशी नीट बोलले.

दुरुस्त केलेलं बिल सगळ्या केंद्रांवर चालवून जुन्या बिलाशी ताडून पाहिलं, तेव्हा शून्य रक्कम गेलेले आणखी चार सभासद निघाले. चौघांचीही नावं नुकतीच बदललेली. त्यांतलं कुणी कचेरीत आलं नव्हतं. पुरवणी बिलं त्याच संध्याकाळी छापली, आणि ती केंद्रांवर पोचवायला मॅनेजरांनी स्वतःची गाडी काढली.