शेवटची फांदी कोणाची?

जैतुनाची फळे एकदा झाडून घेतली की त्याच फांद्या पुन्हा चाळू नयेत. उरलेले परक्याचे, अनाथाचे आणि विधवेचे आहे, अशी आज्ञा तोराच्या देवारीम या पुस्तकात २४ व्या अध्यायात आहे. आपल्या वाडवडिलांचा घाणा तिळाचा आणि खोबऱ्याचा. जैतुनाचे झाड कोकणात कोणी पाहिले होते? त्यामुळे ही आज्ञा आपण ऐकली ती दूरदेशीची म्हणून.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही सहकुटुंब उत्तर कॅलिफोर्नियात, कॉर्निंग गावाजवळ, जैतुनाच्या बागेतील एका भाड्याच्या घरात चार दिवस राहिलो. हे गाव स्वतःला 'ऑलिव्ह सिटी' म्हणवते. ही झाडे मुळात या देशाची नव्हेत. १७६९ साली सॅन दिएगो येथे पहिले मिशन स्थापणाऱ्या स्पॅनिश धर्मगुरूंच्या मागोमाग ती इथे आली आणि आपल्यासारखीच परक्या मातीत रुजली. खाण्याचे जैतून फार करून हातानेच काढतात. पहाटे माणसे शिड्या लावून कामाला लागत, बहुतेक मेक्सिकोकडची. घरात मालकाची चिठ्ठी होती की पाहुण्यांनी हवी तेवढी फळे तोडावीत. म्हणजे भाडे भरणाऱ्या आम्हाला फळांची मोकळीक होती. दिवसभर शिडीवर उभे राहणाऱ्याला मजुरीपलीकडे काही नव्हते. यात बेकायदा काहीच नाही. पण न्याय्य आहे का, हा प्रश्न आम्हाला पडला.

कोणी म्हणेल, दानधर्म आहेच. या देशात १९९६ साली एक कायदा झाला. सद्‌हेतूने अन्नदान करणाऱ्यांना आणि शेतातील उरलेसुरले वेचून गरजूंना देणाऱ्यांना तो कायदेशीर संरक्षण देतो. कायदा चांगला आहे. परंतु तो सांगतो, 'द्यायचे असेल तर निर्धास्तपणे द्या.' तोरा सांगते, 'ती फांदी तुझी नाहीच.' पहिल्यात घेणारा उपकाराखाली येतो. दुसऱ्यात तो आपला वाटा आपल्या हाताने काढून नेतो.

हा फरक लहान नाही. आम्ही उभा जन्म परिचारिकेचे काम केले. रुग्णाला भरवणे सोपे असते, वेळही वाचतो. पण हात थरथरत असला तरी चमचा त्याच्या हाती दिला, तर तो माणूस म्हणून जेवतो. पोट दोन्हीकडे भरते. मान एकीकडेच राहतो.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. कच्चे जैतून कडू असते. खाण्याजोगे व्हायला ते अनेक दिवस मिठाच्या पाण्यात मुरवावे लागते. शहरातला गरीब एवढ्या दूर बागेत येणार कसा? शिवाय तेलासाठी आता कुंपणासारख्या दाट ओळींत झाडे लावतात आणि ओळीवरून यंत्र फिरवून फळे काढतात. कोणती फांदी सोडावी हे यंत्राला कळत नाही. हे सर्व कबूल. पण यावरून आज्ञा कालबाह्य ठरत नाही. सोडण्याचा निश्चय मालकाने आधीच केला पाहिजे, एवढेच ठरते. पूर्वी तो काठी थांबवून होत असे. आता हिशेब मांडतानाच करावा लागेल.

आज्ञेचे कारणही तिथेच दिले आहे: तू मिसर देशात दास होतास, हे आठव. आपल्याला तर तितके दूर जायलाही नको. आपले पूर्वज कोकणात परके म्हणून आले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. गावाने त्यांना नाव दिले, पण छळले नाही. त्यांचा शनिवार त्यांना पाळू दिला. गावाने परक्यासाठी सोडलेली ती फांदीच होती. तिच्यावर आपल्या कित्येक पिढ्या जगल्या.

आज आपण घरे भाड्याने घेतो, माणसे कामाला लावतो, आपल्या मुलांच्या हाताखाली माणसे असतात. तेव्हा घर झाडणाऱ्या बाईशी दोन डॉलरची घासाघीस न करणे, नव्याने आलेल्याला त्याच्या अडचणीचा फायदा न घेता खोली देणे, कामाची एखादी जागा ओळखीपाळखीबाहेरच्या माणसासाठी राखणे, हीच आपली जैतुनाची झाडे. ज्याला वाटा मिळेल त्याच्याकडून आभाराची अपेक्षा ठेवू नये. जे मुळात आपले नव्हते, त्याबद्दल आभार कसले?