रोग जातो, नाव राहते

मराठीत 'कोड' म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. हिंदीत 'कोढ' म्हणजे कुष्ठरोग. दोन्ही शब्द संस्कृत 'कुष्ठ'पासून आलेले, पण सातपुडा ओलांडला की त्याच शब्दाचा रोग बदलतो. कोडात त्वचेचा रंग जातो, बस. ते जंतूंमुळे होत नाही आणि एकाचे दुसऱ्याला लागत नाही. तरी लग्न जमवताना मुलीच्या कोपरावरचा ठिपका लांब बाहीखाली झाकला जातो. यात गोऱ्या-काळ्याचे वेड आहे, तसा शब्दाच्या भाऊबंदकीचाही वाटा आहे असे मला वाटते. 'श्वेतकुष्ठ' हे कोडाचे जुने नाव ती भाऊबंदकी उघडच सांगते. म्हणून हा प्रश्न पडतो: रोगाला नाव देणे ही नुसती खूण करणे असते, की त्यात आजारी माणसाशी बरेवाईट वागणेही येते?

चरक आणि सुश्रुत दोघेही कुष्ठाचे 18 प्रकार सांगतात: 7 महाकुष्ठे आणि 11 क्षुद्रकुष्ठे. आज आपण गजकर्ण, खरूज, इसब म्हणतो तसले विकारही त्यांत मोडतात. म्हणजे 'कुष्ठ' हे एका रोगाचे नाव नव्हते, त्वचेच्या विकारांचे मोठे कुळ होते. कारणे सांगताना विरुद्ध आहार, मलमूत्राचे वेग अडवणे यांच्या जोडीने पापकर्मही येते. वैद्याच्या यादीत ते अनेक कारणांपैकी एक होते. लोकांनी मात्र यादीतला आहार विसरून पाप तेवढे लक्षात ठेवले.

असेच भूमध्य समुद्राच्या काठावरही झाले, तेही भाषांतरातून. हिब्रू धर्मग्रंथात 'त्साराअत' नावाच्या अशुद्धतेचे नियम आहेत. ती आहे की नाही हे वैद्य ठरवत नाही, पुरोहित ठरवतो. ज्याला ती आहे त्याने वस्तीबाहेर राहायचे. पण ही त्साराअत कपड्यांवर पडते आणि घराच्या भिंतींवरही. हिरवट-तांबूस डाग दिसले तर भिंतीचे दगड काढून टाका, असे तिथे सांगितले आहे. भिंतीला कुष्ठरोग होत नाही. ती ओल असेल, बुरशी असेल. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात या ग्रंथाचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा 'त्साराअत'साठी 'लेप्रा' हा शब्द घेतला गेला. ग्रीकमध्ये 'लेपिस' म्हणजे खवला, आणि 'लेप्रा' म्हणजे खवले सुटणारा त्वचाविकार. ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो त्याला ग्रीक वैद्य 'एलेफांतियासिस' म्हणत, कारण कातडी हत्तीसारखी जाड होते.

अरबी वैद्यकात त्याच रोगाला 'जुझाम' म्हणत. त्याच्या मूळ धातूचा अर्थ तोडणे, छाटणे. पुढे अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आले तेव्हा 'जुझाम'च्या जागी 'लेप्रा' बसला. झाले! धर्मग्रंथातली अशुद्धता, ग्रीकांचे खवले आणि अरबांच्या झडलेल्या बोटांचा रोग, हे तिन्ही एका नावाखाली आले. पुरोहिताने भिंतीसाठी आणि माणसासाठी सांगितलेला नियम आता एका खऱ्या, ओळखू येणाऱ्या रोगाच्या माणसांना लागू झाला. यात कोणा भाषांतरकाराचा दुष्टावा नव्हता. प्रत्येकाने जवळचा शब्द उचलला, आणि भोगले मात्र शब्द न निवडणाऱ्यांनी.

ही सगळी नावे शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते. खवले, हत्तीची कातडी, तुटलेले अवयव, मराठीतला 'महारोग', सगळे बघणाऱ्याच्या बाजूने ठेवलेले आहे. ज्याला हा रोग होतो त्याचा पहिला अनुभव यांतल्या कशातच नाही. त्याला आधी काही दिसतही नाही, किंवा एखादा फिकट चट्टा दिसतो. तिथे टाचणी टोचली तर कळत नाही. जीवाणू त्वचेत आणि मज्जातंतूंत ठाण मांडतात आणि संवेदना जाते. बोटे रोगाने गळून पडत नाहीत. चुलीवरचे गरम भांडे उचलताना भाजलेले कळत नाही, पायात काटा रुतलेला कळत नाही, जखमा चिघळत जातात आणि बोटे आखडतात. हा दुखण्याचा रोग नाही, न दुखण्याचा आहे. 'बधिर चट्टा' हे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तोंडचे शब्द या जुन्या नावांपेक्षा जास्त खरे आहेत, कारण ते त्वचेच्या आतून बोलतात.

नाव आणि शिक्षा यांचे नाते कायद्यातही उतरले. 1898च्या ब्रिटिश कायद्याने हा रोग असलेल्या कंगाल माणसाला वॉरंटशिवाय पकडून आश्रमात पाठवता येई. रोग श्रीमंताला झाला तर त्याला पकडण्याची तरतूद नव्हती. हा कायदा रद्द व्हायला 2016 उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून निघाले ते 2019मध्ये. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 1981मध्येच केली होती. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो आणि त्या मोफत मिळतात. म्हणजे औषध आले तरी कायद्यातून शब्द निघायला साडेतीन दशके लागली.

मग नाव बदलावे का? ब्राझीलने 1995मध्ये सरकारी कागदपत्रांतून जुना शब्द काढून 'हॅन्सनचा आजार' या अर्थाचा शब्द कायद्याने आणला. आर्मावर हॅन्सन यांनी 1873मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये या रोगाचा जीवाणू शोधला. रोग शापाने किंवा आनुवंशिकतेने होत नाही, हे त्यातून पुढे आले. पण याच हॅन्सन यांनी 1879मध्ये एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, रोगाचा अंश टोचून पाहिला. खटला झाला आणि 1880मध्ये रुग्णालयातले त्यांचे पद गेले. नवे नाव त्यांचे आहे, त्या बाईचे नाही. म्हणजे स्वच्छ वाटणारे नावसुद्धा बघणाऱ्याच्याच बाजूचे निघाले.

उलट बाबा आमट्यांनी 1949मध्ये वरोऱ्याला सुरू केलेल्या संस्थेच्या नावात 'महारोगी' हा शब्द आजही आहे. तिथे तो बोचत नाही, कारण त्याच्यापुढे 'सेवा समिती' आहे आणि त्यामागे शेती, विणकाम, स्वतःच्या श्रमावर उभे राहिलेले लोक आहेत. तोच शब्द एसटीत शेजारी बसलेल्याने उच्चारला तर बोचतो. तेव्हा सगळा दोष शब्दाचा नाही, हे मान्य करावे लागते.

तरी शब्दाला अगदीच मोकळे सोडता येत नाही, आणि याचे कारण मला व्याकरणात दिसते. आपण म्हणतो, 'त्याला टायफॉइड झाला होता.' रोग झाला, गेला, माणूस उरला. कुष्ठरोगाच्या बाबतीत मात्र आपण नाम वापरतो: 'तो महारोगी आहे.' गोळ्या संपल्या, जीवाणू मेले, तरी ते नाम माणसाला चिकटून राहते, त्याच्या मुलांनाही चिकटते. याच भीतीने एखादी बाई मांडीवरचा चट्टा वर्षभर कोणाला दाखवत नाही, आणि तेवढ्या काळात मज्जातंतूचे जे नुकसान होते ते गोळ्यांनी भरून येत नाही. अशा वेळी शब्द नुसती खूण राहत नाही, तो अपंगत्वाच्या कारणांपैकी एक होतो.

म्हणून नव्या नावापेक्षा मला जुन्या नावाला भूतकाळ मिळणे जास्त महत्त्वाचे वाटते. 'त्यांना कुष्ठरोग झाला होता' हे वाक्य मराठीत सहज बोलता येते. त्यासाठी कायदा लागत नाही आणि नवा शब्दही घडवावा लागत नाही. ते बोलले जात नाही, एवढेच.