द्रव्यशुद्धी आणि कुंकवातले शिसे

कपाळाला लावायचे कुंकू आणि भांगात भरायचा सिंदूर ही सौंदर्यप्रसाधने आहेत आणि पूजाद्रव्येही आहेत. त्यामुळे त्यांतल्या अपायकारक घटकांचा प्रश्न रसायनशास्त्रापाशी संपत नाही. ज्या द्रव्याने शरीराला इजा होते त्या द्रव्याने केलेला विधी शुद्ध मानायचा का? वाहणाऱ्याचा भाव निर्मळ असेल तर द्रव्याचा दोष त्यात विरून जातो का?

पारंपरिक कुंकू हळदीचे. हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार यांची पुटे दिली की हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचा लाल रंग होतो. सोलापूर जिल्ह्यातले केम हे गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. सिंदुराची गोष्ट वेगळी. शिशाचा लाल ऑक्साइड आणि पाऱ्याचे सल्फाइड, म्हणजे हिंगूळ, ही त्याची जुनी खनिज रूपे, आणि दोन्ही विषारी. हळदीचे कुंकू उन्हाने फिके पडते, ते करायला वेळ आणि पैसाही लागतो, म्हणून बाजारात पिठूळ भुकटीवर कृत्रिम रंग चढवून विकणे सोपे झाले. चिकट टिकल्यांच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल या रसायनाने कपाळावर पांढरा डाग उमटतो, हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे.

अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी न्यू जर्सीतील दक्षिण आशियाई दुकाने, मुंबई आणि दिल्ली येथून घेतलेले सिंदुराचे 118 नमुने तपासले. न्यू जर्सीतल्या 83 टक्के आणि भारतातल्या 78 टक्के नमुन्यांत दर ग्रॅमला किमान एक मायक्रोग्रॅम शिसे निघाले. न्यू जर्सीतले 19 टक्के आणि भारतातले 43 टक्के नमुने दर ग्रॅमला 20 मायक्रोग्रॅमच्या अमेरिकी मर्यादेपलीकडे होते. असेंद्रिय शिसे त्वचेतून फारसे आत जात नाही. धोका असतो तो बोटांना लागून तोंडात जाणाऱ्या भुकटीचा, आणि तो सर्वांत जास्त रांगत्या मुलांना. गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण दहावा हिस्सा मुरतो. लहान मुलाच्या शरीरात निम्म्यापर्यंत मुरू शकतो. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते आणि गरोदरपणी रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचते. सौभाग्याचे म्हणून जे लेणे लेवविले, त्याची झळ पुढच्या पिढीला लागावी ही यातली सर्वांत क्लेशदायक बाब.

धर्मशास्त्राने द्रव्याचा विचार कधीच दुय्यम मानलेला नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचे स्वतंत्र प्रकरण आहे. तिथला शुद्धीचा विचार स्पर्श, उष्टे, मळ यांच्या अंगाने जातो. शिशासारखा न दिसणारा दोष त्याच्या कक्षेत आलेला नाही. मात्र मीमांसेने एक अधिक उपयोगी साधन दिले आहे. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात ‘प्रतिनिधी’चा विचार येतो: विहित द्रव्य मिळत नसेल तर त्याच्याशी साम्य असलेले दुसरे घ्यावे. सोमवल्लीच्या जागी पूतिका ही दुसरी वनस्पती घेण्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याच चर्चेत एक मर्यादाही घातलेली आहे. जे द्रव्य निषिद्ध ठरलेले आहे ते कितीही सारखे दिसले तरी प्रतिनिधी होऊ शकत नाही. कृत्रिम रंगाच्या भुकटीला ही कसोटी लावली तर तिची बाजू दुबळी पडते. तिचे हळदीच्या कुंकवाशी साम्य फक्त लालपणाचे आहे, आणि मूळ द्रव्य बाजारात मिळत असताना प्रतिनिधी घेण्याचा प्रसंगच उभा राहत नाही.

यावर भक्तिमार्गाकडून आक्षेप येऊ शकतो की देव भावाचा भुकेला, द्रव्याची एवढी चिकित्सा कशाला? हा आक्षेप हलका नाही. पण भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ आणि पाणी पुरेसे मानले आहे, ते द्रव्य साधे असले तरी चालते या अर्थाने; अपायकारक असले तरी चालते असा त्याचा अर्थ होत नाही. उलट भावच पुरेसा असेल तर भडक, न विटणाऱ्या लालीचा आग्रह सोडायला भक्ताला काहीच अडचण नसावी. शिवाय भाव हा वाहणाऱ्याचा असतो आणि इजा दुसऱ्याला होते. मांडीवरच्या बाळाने आईच्या कुंकवाची बोटे चोखली, तर त्या बाळाचा या अर्पणात काय सहभाग?

विकणाऱ्याच्या जबाबदारीवर श्रमण परंपरांचे बोलणे अधिक थेट आहे. जैन श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत, म्हणजे पापकारक धंद्यांत, विषवाणिज्य येते आणि बौद्ध उपासकाला निषिद्ध असलेल्या पाच व्यापारांतही विषाचा व्यापार आहे. बौद्ध विचारात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत आहे. त्यामुळे माहीत नसताना विकणाऱ्याला सूट मिळेल असे वाटते. ज्याला रंगाचे पोते कुठून आले हे विचारता येत होते आणि ज्याने विचारले नाही, त्याला मात्र ही सूट देणे कठीण आहे. भारतीय कायद्याने प्रसाधनांना रंग देण्यासाठी शिशाची आणि आर्सेनिकची संयुगे वापरण्यास मनाई केली आहे. तरीही तीच भुकटी पूजासाहित्य म्हणून विकली गेली की प्रसाधनांच्या चौकटीतून निसटू शकते, आणि देवीच्या पायांवर वाहिलेले कुंकू अखेर भक्तांच्याच कपाळी येते.

मूर्तीवरच्या शेंदराचा प्रश्न यालाच लागून आहे. मारुती, गणपती आणि देवी यांच्या मूर्तींवर तेलात कालवलेल्या शेंदराची पुटे पिढ्यान्‌पिढ्या चढत जातात. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचे असे लेपन 2022 साली उतरविण्यात आले आणि मूळ मूर्तीचे रूप दिसू लागले. लेप देणारे पुजारी, त्याची भुकटी हाताळणारे सेवेकरी आणि उतरविलेला लेप ज्या पाण्यात किंवा मातीत जातो ती जागा, या सगळ्यांचा विचार द्रव्यशुद्धीत आला पाहिजे. शेंदरात शिसे आहे की नाही हे प्रयोगशाळेत कळते. ते असल्याचे कळल्यावर तोच शेंदूर पुन्हा लावायचा की नाही, हा निर्णय देवस्थानांच्या विश्वस्तांनी आणि पुजाऱ्यांनी धर्माच्या भाषेतच करावा लागेल, आणि प्रतिनिधीचा नियम त्यांच्या हाताशी आहे.